चॅट तुटलं की आधी घड्याळ बघा

मागच्या डिसेंबरात एक कुटुंब दोन लहान मुलांना घेऊन गोव्यातल्या मोपा विमानतळाबाहेर पाऊण तास ताटकळलं. त्यांची टॅक्सी गोव्यातल्याच दुसऱ्या, दाबोळीच्या विमानतळावर उभी होती. बुकिंग दाबोळीचं होतं हे खरं, पण विमान बदलल्याचं त्यांनी सकाळीच आमच्या चॅटवर तीन वेळा कळवलं होतं. आमच्या चॅट सपोर्ट टीममधल्या मुलीच्या पडद्यावर त्यातलं एक अक्षर उमटलं नव्हतं. तिथं गेस्टचा आदल्या रात्रीचा 'थँक्यू' हाच शेवटचा निरोप होता आणि त्या मुलीच्या नावापुढं हिरवा ठिपका, म्हणजे चॅट जोडलेलं असल्याची खूण, होती. ड्रायव्हरचा फोन आल्यावर तिनं घाबरून एफ ५, म्हणजे पान रिफ्रेश करायचं बटण, दाबलं आणि तिन्ही निरोप एकदम खाली उतरले.

२०२३ च्या जानेवारीत मोपाहून विमानं सुरू झाली तेव्हापासून आमच्या कामात 'कुठला विमानतळ?' हा प्रश्न दिवसातून वीसदा येतो. एक विमानतळ पेडण्यात, दुसरा मुरगावात. चुकीच्या ठिकाणी गेलेली टॅक्सी दहा मिनिटांत वळवून आणता येत नाही. म्हणून एक निरोप अडकला तरी मला ती छोटी गोष्ट वाटत नाही.

त्या दिवशी कनेक्शन नेमकं कशानं तुटलं हे आम्हाला शोधता आलं नाही, कारण एफ ५ दाबल्याबरोबर सगळा माग पुसला गेला. मी पर्वरीतल्या ऑफिसातून चॅट सपोर्टची शिफ्ट सांभाळते. आम्ही अकरा जण आहोत. त्यातले पाच घरून काम करतात: दोघं म्हापशात, एक डिचोलीला, एक वाळपईजवळ, एक काणकोणला. मी इंजिनियर नाही. पण सहा वर्षं हे काम करताना, आयटीवाल्या दादाच्या शेजारी बसून आणि रात्री-अपरात्री टीमचे फोन घेऊन जे हाती लागलं, ते इथं मांडते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कुठल्याही चॅटला यातलं बरंचसं लागू पडतं.

रिफ्रेश मारण्याआधीचं एक मिनिट

पिवळी पट्टी आली, 'रीकनेक्टिंग' फिरायला लागलं किंवा गेस्ट विचित्र गप्प वाटला, तर हात एफ ५ कडे नेऊ नका. अर्धवट टाइप केलेलं उत्तर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये टाका. मग मोबाइलच्या घड्याळात वेळ बघा, सेकंदासकट, आणि ती टीमच्या ग्रुपवर टाका. 'माझं तुटलं १०:१४:०३', बस, एवढंच.

मग मान वर करून खोलीकडे बघा. ट्यूबलाईट लुकलुकली का? पंखा मंदावला का? राउटरचे दिवे कसे आहेत? चॅटचा टॅब समोर होता की बुकिंगच्या टॅबमागं? लॅपटॉप नुकताच उघडलात का? या सगळ्याला मिनिटभर लागतं, आणि पुढचा अर्धा तास वाचतो.

ग्रुपवर टाकलेल्या वेळेचा उपयोग असा. ऑफिसातले आणि काणकोणची मुलगी एकाच सेकंदाला पडली, तर दोष तुमच्या घरात नाही. सर्व्हर पडलाय किंवा त्यांनी नवीन आवृत्ती चढवलीय. अशा वेळी राउटर बंद-चालू करणं म्हणजे चालू असलेलं घालवणं. फक्त ऑफिसातले पडले आणि घरचे तरले, तर ऑफिसची लाइन. एकच माणूस पडला, तर त्याचं घर, त्याचं मशीन किंवा त्याचा टॅब. आमच्या निम्म्या तक्रारी या एका पायरीवरच योग्य माणसाकडे जातात.

आत काय चाललेलं असतं

हे समजून घेतलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. साधं वेबपान म्हणजे रायबंदर-चोडणची फेरीबोट. तुम्ही मागितलं, बोट गेली, माल घेऊन आली, धक्क्याला लागली. काम संपलं. चॅटला हे परवडत नाही, कारण गेस्ट कधी बोलेल याचा नेम नसतो. म्हणून चॅट पूल बांधतं आणि तो शिफ्टभर उघडा ठेवतं. या पुलाला वेबसॉकेट म्हणतात. त्याचं प्रमाण आरएफसी ६४५५ या नावानं २०११ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालं आणि आज सगळे ब्राउझर ते पाळतात.

पुलाची अडचण अशी की त्यावर बराच वेळ कोणी चाललं नाही तर वाटेतले पहारेकरी तो निकामी समजून काढून टाकतात. हे पहारेकरी म्हणजे तुमचा राउटर, इंटरनेट कंपनीची यंत्रणा आणि चॅट कंपनीच्या सर्व्हरपुढं बसलेला मधला सर्व्हर. काढताना ते दोन्ही टोकांना सांगतातच असं नाही. मग तुमच्याकडे ठिपका हिरवा, सर्व्हरच्या लेखी तुम्ही हजर, आणि मधे पूलच नाही. मोपाच्या दिवशी बहुधा हेच झालं होतं.

यावर उपाय म्हणून चॅट सॉफ्टवेअर ठरावीक वेळानं उगाच एक माणूस पुलावरून धाडतं. त्याला हार्टबीट म्हणतात. सॉकेट डॉट आयओ ही यासाठी खूप वापरली जाणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. तिच्या मूळ सेटिंगमध्ये हा माणूस दर २५ सेकंदांनी निघतो आणि उत्तराची वाट २० सेकंद बघितली जाते. म्हणजे पूल पडल्यावर तो पडलाय हे कळायला ४५ सेकंदही लागू शकतात. तेवढा वेळ हिरव्या ठिपक्यावर विसंबता येत नाही. गेस्टला विमानतळ, वेळ किंवा पैसे यांबद्दल काही लिहिलंत तर आपल्या निरोपाखाली 'पोहोचला'ची खूण आल्याशिवाय दुसऱ्या चॅटवर जाऊ नका. आमच्याकडे हा नियम आता सक्तीचा आहे.

एफ १२: एकदा शिकून घ्या

याला घाबरणारे खूप. पण यात बघायचं थोडंच असतं. क्रोम किंवा एजमध्ये चॅटच्या टॅबवर एफ १२ दाबा, ब्राउझरच्या आत काय चाललंय ते दाखवणारी खिडकी उघडेल. तिच्यात वर नेटवर्क निवडा आणि 'प्रिझर्व्ह लॉग'च्या चौकोनात टिक करा. फिल्टरच्या ओळीत डब्ल्यूएस (म्हणजे वेबसॉकेट) असं लिहिलेलं असेल, नव्या आवृत्तीत सॉकेट, ते दाबा. आता पान एकदा रिफ्रेश करा. हा रिफ्रेश शिफ्टच्या सुरुवातीला, एकही गेस्ट नसताना करायचा, कारण एफ १२ उघडण्याआधी बांधलेला पूल तिथं दिसत नाही. ही खिडकी मग दिवसभर उघडीच ठेवा.

यादीत एक ओळ येईल. तिचा स्टेटस १०१ असला तर पूल बांधला गेला. साध्या पानांपुढं २०० दिसतो, इथं १०१ च बरोबर आहे. त्या ओळीवर क्लिक करून मेसेजेस उघडा. वर जाणारा हिरवा बाण तुम्ही पाठवलेलं दाखवतो, खाली येणारा लाल बाण तुमच्याकडे आलेलं. लाल म्हणजे चूक, असं समजून आमच्याकडच्या दोघांनी पहिल्याच दिवशी मला फोन केला होता. रंग नुसता दिशेचा आहे.

निरोपांच्या मधे नुसता आकडा '२' येतो आणि लगेच '३' जातो, असं दिसलं तर तो सॉकेट डॉट आयओचा हार्टबीट. पंचवीस-पंचवीस सेकंदांनी ही जोडी दिसत राहिली म्हणजे पूल जिवंत आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे दिसत नाहीत, कारण त्यांचा हार्टबीट वेबसॉकेटच्या आतल्या थरावर चालतो आणि ब्राउझर तो दाखवत नाही. तेव्हा आकडे नाहीत म्हणजे हार्टबीट नाही, असा निष्कर्ष काढू नका.

या खिडकीनं आमचं एक मोठं दुखणं सोडवलं. गेल्या पावसाळ्यात, जुलैमध्ये, गेस्ट कमी असताना चॅट सारखं तुटायचं. डिसेंबरच्या गर्दीत मात्र ठणठणीत चालायचं. सगळे पावसाला दोष देत होते. एका शांत दुपारी मी मेसेजेस उघडून वही घेऊन बसले. शेवटचा निरोप २:११:४०, तुटलं २:१२:४०. पुन्हा जोडलं, कोणी बोललं नाही, बरोबर एक मिनिटानं पुन्हा तुटलं. असं सात वेळा, सातही वेळा ६० सेकंद. पाऊस कधी सेकंद मोजून पडत नाही. मी त्या पडद्याचा आणि वहीचा फोटो चॅट कंपनीला पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं: मधल्या सर्व्हरवर शांत कनेक्शन ठेवण्याची मुदत मूळचीच ६० सेकंद राहिली होती आणि त्यांचा हार्टबीट त्याहून उशिरा निघत होता. एनजिनएक्स या प्रचलित सर्व्हरची ही मुदत कोणी बदलली नाही तर ६० सेकंदच असते. डिसेंबरात दर काही सेकंदांनी कोणी ना कोणी बोलत असल्यामुळं पूल कधी शांत राहतच नव्हता. त्यांनी हार्टबीट लवकर केला आणि दुखणं गेलं.

म्हणून वेळ सेकंदासकट लिहा, हे मी पुन्हा सांगते. गोल आकड्यांनी तुटतंय, ६० सेकंद, ५ मिनिटं, ८ तास, तर कुठंतरी कोणी बसवलेली मुदत आहे. वेडंवाकडं तुटतंय तर लाइन, वायफाय किंवा वीज.

तिथंच कन्सोल नावाचा दुसरा कप्पा आहे. त्यात किंवा सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये बंद होण्याचा कोड सापडला तर लिहून घ्या. १००० म्हणजे रीतसर बंद केलं. १००१ म्हणजे एक बाजू निघून गेली, उदाहरणार्थ पान बंद झालं किंवा सर्व्हर उतरवला. १०११ ला सर्व्हरमध्ये काही बिघडलं. १०१२ ला सर्व्हर पुन्हा सुरू होतोय. सर्वांत जास्त दिसतो तो १००६: निरोपाचा शब्दही न बोलता कनेक्शन गेलं. हा कोड समोरून कोणी पाठवत नाही, ब्राउझर स्वतःच तशी नोंद करतो. त्यामुळं १००६ दिसला म्हणजे सर्व्हरचीच चूक, असं आयटीला लिहू नका. तुमच्या खोलीतला प्लग निघाला तरी १००६ च येतो.

टॅब झोपतो

आमचे लोक बुकिंगच्या पानावर काम करतात आणि चॅट मागं ठेवून टुणकन आवाजाची वाट बघतात. क्रोमनं २०२१ च्या जानेवारीत आलेल्या ८८ व्या आवृत्तीपासून मागच्या टॅबांना आवर घातलाय. पाच मिनिटांहून जास्त वेळ नजरेआड असलेल्या टॅबची घड्याळं मिनिटातून एकदाच चालू दिली जातात. हार्टबीट तुमच्या टॅबकडून निघत असेल तर तो उशिरा पोहोचतो आणि सर्व्हर तुम्हाला गेलेलं समजतो. सॉकेट डॉट आयओनं तिसऱ्या आवृत्तीत हार्टबीट सर्व्हरकडून पाठवायला सुरुवात केली ती ब्राउझरच्या घड्याळांवर भरवसा ठेवता येत नाही म्हणूनच. पण तुमचं सॉफ्टवेअर कुठल्या आवृत्तीवर चालतं हे तुमच्या हातात नसतं.

हातात आहे ते हे: चॅटचा टॅब ओढून वेगळ्या खिडकीत काढा आणि ती खिडकी पडद्याच्या कडेला अशी लावा की तिची चार बोटं पट्टी कायम दिसत राहील. दुसऱ्या खिडकीनं ती पूर्ण झाकली तर क्रोम तिलाही नजरेआडच धरतो.

क्रोमच्या मेमरी सेव्हर या मेमरी वाचवणाऱ्या सोयीचं प्रकरण वेगळं. तो टॅबला झोपवतो. मागच्या टॅबवर क्लिक केलंत आणि पान नव्यानं लोड झालं तर तो झोपलेला होता, हे नक्की. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स उघडा आणि कायम जागं ठेवायच्या साइटच्या यादीत चॅटचा पत्ता घाला. एजमध्ये स्लीपिंग टॅब्स नावाखाली अशीच यादी आहे. नवीन मुलगा रुजू झाला की त्याच्या लॅपटॉपवर मी हे स्वतः करते, कारण सांगून राहून जातं.

घर, चिऱ्याच्या भिंती आणि कुळागराचा पंप

घरून काम करणाऱ्यांचं दुखणं बहुतेक इथंच असतं. ते शोधायला दोन काळ्या खिडक्या पुरतात. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग टाइप करा आणि डिफॉल्ट गेटवेसमोरचा आकडा लिहून घ्या, बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. तो तुमचा राउटर. आता पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक. एका खिडकीत पिंग, जागा सोडून तो आकडा, पुन्हा जागा सोडून हायफन टी. दुसऱ्या खिडकीत तसंच, पण राउटरच्या आकड्याऐवजी ८.८.८.८, तो बाहेरचा, गूगलचा सर्व्हर. हे सगळं अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत. दोन्ही खिडक्या चालू ठेवून काम करा. थांबवायला कंट्रोल सी.

चॅट तुटलं की दोन्हींकडे बघा. दोन्हीकडे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं असेल तर तुम्ही आणि राउटर यांच्यामधे बिघाड, म्हणजे वायफाय. राउटर उत्तर देतोय पण ८.८.८.८ नाही, तर बाहेरची लाइन. दोन्ही व्यवस्थित आणि तरीही चॅट पडलं, तर टॅब, व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट) किंवा सर्व्हर. स्पीड टेस्टचा फोटो मला पाठवू नका, असं मी सगळ्यांना सांगितलंय. चॅटला जेमतेम काही किलोबाइट लागतात. १०० एमबीपीएसची लाइन दहा सेकंद गप्प झाली तरी चॅट पडतं आणि स्पीड टेस्ट नंतर छान आकडा दाखवते.

आता वायफाय. आपल्याकडची जुनी घरं चिऱ्यांची, भिंती दीड-दोन हात जाड. राउटर सोप्यावर आणि लॅपटॉप आतल्या खोलीत, मधे दोन भिंती. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथं जेमतेम पोहोचतो. २.४ चा सिग्नल भिंतीतून बरा जातो, पण त्याला शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी नडते आणि मायक्रोवेव्ह चालू झाला की गडबडतो, कारण तोही त्याच पट्ट्यात काम करतो. राउटरमध्ये २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी ठेवा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. पण माझं मत विचाराल तर शिफ्ट करणाऱ्या माणसानं लॅनची वायर ओढून घ्यावी. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि कुठल्याही घरात एवढं अंतर नसतं. म्हापशातल्या आमच्या दोघांनी शुक्रवारच्या बाजाराला गेले असताना वायर आणली, खिडकीच्या चौकटीवरून आत घेतली, आणि त्यांच्या तक्रारी तिथंच थांबल्या.

वाळपईजवळच्या मुलीची गोष्ट मात्र वायरीनं सुटणारी नव्हती. तिचं चॅट रोज सकाळी सव्वासातच्या आसपास तीन मिनिटं जायचं. कधी ७:१२, कधी ७:२०. 'ताई, लाईट गेली नव्हती हां,' ती दर वेळी सांगायची, आणि ते खरं होतं. लॅपटॉप बॅटरीवर, पंखा चालू, सगळं ठीक. मी तिला राउटरच्या पानावर जाऊन अपटाइम बघायला सांगितलं. ब्राउझरमध्ये गेटवेचा तोच आकडा टाकला की ते पान उघडतं, पासवर्ड बहुधा राउटरच्या खाली चिकटवलेला असतो. अपटाइम होता ११ मिनिटं. म्हणजे राउटर अकरा मिनिटांपूर्वी नव्यानं सुरू झाला होता, आणि घरात कोणी त्याला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ती राउटरसमोर खुर्ची टाकून बसली. सात चौदाला मागच्या बाजूला घरघर झाली, बल्ब क्षणभर पिवळा पडला आणि राउटरचे सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागले. सासऱ्यांनी कुळागराचा, म्हणजे सुपारी-माडांच्या बागेचा, पंप सुरू केला होता. मोटर सुरू होताना ओढ मोठी असते, व्होल्टेज क्षणभर खाली जातं. बल्बला ते चालतं, राउटरला चालत नाही. तो पुन्हा उभा राहून लाइन पकडायला तीन मिनिटं घेतो.

उपाय म्हणून तिनं राउटरला मिनी यूपीएस लावला. तो घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्टचा जोडून चालत नाही, आणि उलट केलं तर राउटर जळू शकतो. फायबर असेल आणि भिंतीवरचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर दोन्हींना बॅकअप लागतो. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर आहे का ते तपासा, आणि इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जो वेळ जातो तेवढ्यात राउटर पडतो.

पावसाळ्यात आणखी एक. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाही. वायर कुठंतरी तुटली किंवा वाकली. आमच्याकडे माडाचं चुडत वायरीवर पडतं, हे दर पावसाळ्यात होतं. तिथं राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही मिळत नाही, थेट लाइनवाल्याला फोन करा आणि 'एलओएस लाल आहे' हेच शब्द वापरा. 'नेट स्लो आहे' म्हटलंत तर तो संध्याकाळी येईल. दिवे हिरवे आणि तरी परिसरात वीज गेल्यावर नेट जातं, तर लाइनवाल्याच्या मधल्या खोक्याला बॅटरी नसेल. त्यावर तुमच्याकडे इलाज नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट हाच आधार. सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा.

हॉटस्पॉटवर जाताना चॅट तुटणारच, कारण तुमचा आयपी पत्ता बदलतो आणि जुना पूल जुन्या पत्त्याला बांधलेला असतो. तेव्हा हॉटस्पॉट लागला की स्वतःहून रिफ्रेश करा. आणि घरच्या वायफायचं 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' तेवढ्यापुरतं काढा, नाहीतर लाईट येता-जाता लॅपटॉप दोन्हींमधे उड्या मारत राहतो आणि दर उडीला एक गेस्ट सुटतो.

घरात कोणी चतुर्थीचे किंवा लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत असेल तर अपलोडची वाट अडते आणि हार्टबीट त्या रांगेत मागं राहतो. शिफ्ट संपेपर्यंत थांबायची विनंती करा.

बाकीचे कोपरे

कंट्रोल शिफ्ट एन दाबून इन्कॉग्निटोत लॉगिन करा. तिथं चॅट टिकलं तर एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली जादा सोय, घोळ घालतंय. व्हीपीएन आणि अँटिव्हायरस स्वतः बंद करू नका, आयटीला विचारून त्यांच्यासमोर तपासा.

एकच लॉगिन दोन टॅबांत किंवा मोबाइलवरही उघडं असेल तर काही सॉफ्टवेअर पहिल्याला हाकलतं, पहिला पुन्हा जोडतो आणि दुसऱ्याला हाकलतो. दर काही सेकंदांनी तुटतंय आणि जुळतंय, तर आधी हे बघा.

लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अ‍ॅडॉप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी असते. ती टिक काढा. ऑफिसच्या जुन्या पीसीचं घड्याळ मागं पडलं असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. चुकीच्या तारखेनं सुरक्षित कनेक्शन जुळतच नाही.

कॅफेतून किंवा हॉटेलच्या पाहुण्यांच्या वायफायवरून शिफ्ट करू नका. तिथं लॉगिनची मुदत संपली की पुन्हा पानावर जाऊन क्रमांक टाकावा लागतो, आणि तोवर ब्राउझर स्वतःला ऑनलाइनच समजत असतो. नेटवर्कला जोडलंय एवढंच त्याला कळतं, पलीकडे इंटरनेट आहे का हे नाही.

पुन्हा जोडल्यावर

नोटपॅडमधलं उत्तर लगेच चिकटवून पाठवू नका. आधी रिफ्रेश, मग गेस्टची आख्खी चॅट वर सरकवून बघा: तुमचं आधीचं उत्तर गेलंय का, त्यानं मधे काही लिहिलंय का. आमच्याकडे एकाच गेस्टला दोन टॅक्सी याच घाईत बुक झाल्या होत्या. गेस्टला सरळ सांगा: 'आमचं कनेक्शन दोन मिनिटं तुटलं होतं, तुमचा १०:१४ चा निरोप आत्ता मिळाला.' त्यानं प्रवासाचं काही विचारलं असेल आणि वेळ जवळ आली असेल तर चॅट सोडा आणि फोन करा.

मग आयटीला लिहा. आमच्या काणकोणच्या मुलीनं गेल्या महिन्यात पाठवलेली तक्रार मी सगळ्यांना नमुना म्हणून दिलीय. ती अशी होती:

'तुटलं १०:१४:०३, जुळलं १०:१६:५०. मी एकटीच, ग्रुपवर बाकी सगळे चालू. वायरवर होते, वायफाय नाही. राउटरचा पिंग चालू, ८.८.८.८ बंद. एलओएस लाल नाही, राउटरचा अपटाइम ६ दिवस. लाईट लुकलुकली नाही. टॅब समोर होता. कोड १००६. दोन गेस्ट होते, दोघांना फोन केला, दोघांचंही काम झालं.'

दादानं अकरा मिनिटांत उत्तर दिलं आणि थेट लाइनवाल्याला फोन लावला.